रोग कुंपण बघून येतो का?

श्रावणातल्या एका रविवारी आमच्या सोसायटीची सभा होती. पाण्याचा टँकर, पार्किंग, गच्चीची गळती हे ठरलेले विषय ठरल्याप्रमाणे भांडून झाले आणि मग सेक्रेटरींनी शेजारच्या जागेचा विषय काढला. आमच्या भिंतीपलीकडे एका बंद पडलेल्या कारखान्याची दोन-अडीच एकर जागा आहे. पावसाळा सुरू झाला की तिथे गाजर गवत छातीपर्यंत येतं. पांढऱ्या फुलांचा नुसता सडा. तळमजल्यावरच्या दोन मुलांना दमा आहे, एका आजींच्या मानेवर दरवर्षी पुरळ उठतं. सेक्रेटरी तरुण आहेत, कामसू आहेत. ते म्हणाले, "काका, तुमची सगळी हयात कारखान्याच्या आवारात गेली. तणनाशक कुठलं मारायचं ते तुम्ही सांगा. वर्गणी काढू, एका दिवसात विषय संपवू."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "आठ दिवस द्या." लोकांना वाटलं, म्हातारा भाव खातोय. खरं सांगायचं तर "एका दिवसात विषय संपवू" हे शब्द मी पूर्वी एकदा स्वतःच उच्चारले होते, आणि तो विषय माझ्या मनात अजून संपलेला नाही. त्या आठ दिवसांत जे आठवलं, ते आज वाचकांपुढे मांडतो आहे.

पुण्याचा पाहुणा

गाजर गवत हे नावाचंच गवत. ते सूर्यफुलाच्या कुळातलं झाड आहे; पानं गाजरासारखी म्हणून हे नाव. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टरोफोरस. मूळ घर मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा प्रदेश. भारतात त्याची जी नोंद प्रसिद्ध झाली आणि गाजली ती आपल्या पुण्यातली. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांना १९५५ च्या सुमारास पुण्यात उकिरड्यांवर ही झाडं दिसली आणि १९५६ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. अमेरिकेच्या पी.एल. ४८० च्या गव्हाबरोबर हे बी आलं, असं आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या योजनेचा भारताशी करार झाला १९५६ साली, आणि डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत तर या झाडाचा एकोणिसाव्या शतकातला नमुना असल्याचं पुढे दाखवून दिलं गेलं. तेव्हा गव्हाबरोबर बी आलं असेलही, पण पहिल्यांदाच आलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

कसं का आलेलं असेना, ते पसरलं मात्र आपल्या रस्त्यांवरून. एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया सहज येतात. बी उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल. ओल मिळाली की वर्षातल्या कुठल्याही महिन्यात उगवायची तयारी. रस्त्यासाठी मुरूम आणला, मुरुमाबरोबर बी आलं. ट्रकच्या चाकांना चिखल लागला, चिखलाबरोबर बी गेलं. पाया खणून माती उपसली की त्या उघड्या मातीवर पहिला हक्क याचा. त्यामुळे रस्त्याची कड, रेल्वेची कड, औद्योगिक वसाहतीतले रिकामे भूखंड ही याची माहेरघरं झाली. जिथे माणसाने जमीन उघडी केली आणि मग तिच्याकडे पाठ फिरवली, तिथे हे आलं.

मला या झाडाचा राग लहान वयात आला. १९७२-७३ ची गोष्ट. आम्ही पुण्याच्या कडेला राहायचो. अंगणाच्या टोकाला, तुळशीमागे हे उगवायचं आणि आई ते हाताने उपटायची. पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी हाताच्या लवणीत खाज सुटली, मग मानेवर, मग डोळ्यांच्या पापण्यांवर. कातडी जाड, काळपट, भेगाळलेली झाली. डॉक्टरांनी कारण ओळखलं: या झाडात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, ते ज्याला एकदा बाधलं त्याला पुढे झाडाजवळून नुसतं गेलं तरी बाधतं. आई नंतर तीस वर्षं जगली. दर पावसाळ्यात पदराने चेहरा झाकून ती तुळशीला पाणी घालायला जायची. तेव्हा तणनाशक म्हणजे माझ्या लेखी पाप नव्हतं. त्या काळी कुणी दिलं असतं तर मी आनंदाने अंगणभर ओतलं असतं.

चाळीस एकर आणि एक काडी

१९८१ साली मी पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात लागलो. आवार चाळीस एकरांचं, त्यातली निम्म्याहून अधिक जागा मोकळी. बाहेरच्याला वाटतं, कारखान्यात गवत वाढलं तर बिघडलं कुठे? पण तिथे तण ही शोभेची बाब नसते. गटारात वाढलं की पावसाचं पाणी तुंबतं. साप येतात. विजेच्या उपकेंद्रात जमिनीवर खडी पसरलेली असते ती उगीच नाही. अपघात झाला तर पायांतून जाणाऱ्या विजेला ती खडी अडवते. त्या खडीत माती साचून तण माजलं की तिचा गुण कमी होतो. आणि सगळ्यात मोठं भय आगीचं. मार्चमध्ये वाळलेलं गवत म्हणजे आयती काडेपेटी.

सुरुवातीला हे काम जवळच्या वस्तीतल्या बाया करायच्या. पावसाळ्यात दोनदा, दिवाळीनंतर एकदा, तीस-पस्तीस जणी खुरपी घेऊन महिनाभर बसायच्या. गाजर गवत नुसत्या हातांनी उपटायच्या. त्यांतल्या काहींच्या कोपरांवर मला आईची कातडी दिसायची. मी हातमोजे मागवले, पण ते वेल्डिंगचे जाड चामडी मोजे निघाले. त्यांत खुरपं धरता येईना. मावशी हसल्या आणि मोजे कोपऱ्यात पडले.

१९८६ च्या मार्चमध्ये कुणाची तरी विडी पडली आणि तेलाच्या टाक्यांच्या बाजूचं गवत पेटलं. टाक्यांच्या बांधापासून पंधरा-वीस पावलांवर आग विझवली. त्या रात्री मी झोपलो नाही. दुसऱ्याच आठवड्यात वरून हुकूम आला: यापुढे तणनाशक. तीन माणसं, तीन पाठीवरचे पंप, चार दिवसांत आवार साफ. खर्च निम्म्याहून कमी. मी खूष झालो. त्या पस्तीस जणींची महिन्याची मजुरी गेली, हे माझ्या लक्षात यायला पुढचा पावसाळा उजाडावा लागला. तेव्हा त्यांतल्या दोघी फाटकाशी येऊन विचारून गेल्या, "साहेब, औंदा बोलावलं न्हाई?"

औषध की विष?

आपल्याकडे फवारणीच्या विषालाही 'औषध' म्हणतात. 'औषध मारलं' हा शब्दप्रयोगच मोठा गमतीचा आहे. तर हे औषध नेमकं काय करतं, हे वाचकांना थोडक्यात सांगायला हवं, कारण 'तणनाशक' हे एका वस्तूचं नाव नाही.

काही तणनाशकं जिथे पडतात तेवढाच भाग जाळतात. पॅराक्वाट हे त्यातलं. ते माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. काही पानातून आत शिरून मुळापर्यंत जातात. ग्लायफोसेट त्या जातीचं. जॉन फ्रँझ या रसायनशास्त्रज्ञाला १९७० मध्ये त्याचा हा गुण सापडला आणि १९७४ पासून ते बाजारात आलं. वनस्पतींना जगण्यासाठी लागणारी काही द्रव्यं बनवण्याची जी साखळी असते, तिची एक कडी ते तोडतं. ही साखळी माणसात किंवा जनावरात नसते. म्हणूनच ते 'निरुपद्रवी' म्हणून खपलं. ते गवत, झुडूप, फूलझाड काही बघत नाही. हिरवं दिसलं की मारतं. मातीला ते घट्ट चिकटतं, म्हणून गढूळ पाण्यात कालवलं तर वाया जातं.

तिसरी जात टू-फोर-डीची. हे १९४० च्या दशकातलं जुनं औषध. ते झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. झाडाला वाटतं, वाढायचा हुकूम आला. ते वेडंवाकडं वाढत सुटतं, पिळवटतं आणि मरतं. याचं वैशिष्ट्य असं की रुंद पानांच्या झाडांना ते मारतं आणि गवताच्या कुळाला, म्हणजे बाजरी, ज्वारी, हरळी यांना, सहसा सोडून देतं. चौथी जात मातीत राहून काम करते: अॅट्राझिन, डाययुरॉन वगैरे. ती उगवणाऱ्या अंकुरालाच मारतात, पण पाण्याबरोबर खाली झिरपण्याची भीती. युरोपीय संघाने २००४ मध्ये अॅट्राझिनला परवानगी नाकारली ती मुख्यतः भूजलात ते सापडू लागलं म्हणून.

रस्त्याच्या कडेला गाजर गवत मारायचं आणि माती धरून ठेवणारं गवत राखायचं, तर कागदावर टू-फोर-डी शहाणपणाचं दिसतं. मलाही तसंच वाटलं. सरसकट सगळं मारलं की जमीन उघडी पडते आणि उघड्या जमिनीवर पुन्हा पहिलं कोण येतं, ते वर सांगितलंच आहे. म्हणून १९९३ च्या जुलैत मी टू-फोर-डी मागवलं. आलं ते त्याचं एस्टर रूप. सोडियम क्षार आणि अमाइन क्षार ही त्याची इतर रूपं फारशी उडत नाहीत. एथिल एस्टर मात्र उडतं. फवारून झाल्यावरही उन्हात त्याची वाफ होते आणि वाऱ्यावर जाते. हे डब्यावरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत होतं. मी ते वाचलं होतं. कामाच्या हुकुमात मात्र 'वारा असताना फवारू नये' हे चार शब्द मी लिहिले नाहीत. मी एवढंच म्हटलं, "पाऊस उघडला की एका दिवसात विषय संपवा."

तात्यांची टोमॅटो

आमच्या पूर्वेच्या कुंपणाला लागून तात्यांचं शेत होतं. तीन एकर, त्यात एक विहीर. कुंपणाकडे अर्धा एकर टोमॅटो, मधे बाजरी, पलीकडे पुन्हा टोमॅटो. जुलैत आपल्याकडे वारा पश्चिमेचा. पाऊस उघडला, ऊन पडलं, ठेकेदाराच्या माणसांनी भर दुपारी पूर्वेचं कुंपण फवारलं. मी ऑफिसात होतो.

पाच-सहा दिवसांनी तात्या फाटकावर आले. हातात टोमॅटोची एक फांदी. पानांचे देठ खाली वाकलेले, शेंडा सुतळीसारखा पिळवटलेला, नवी पानं बारीक, दोऱ्यासारखी. "साहेब, ह्ये बघा काय झालंय."

आमच्या प्रशासन अधिकाऱ्यांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "तुम्ही लेखी द्या. कारण काय ते तुमच्या खात्याने सांगायचं." त्यांनी काही खोटं लिहायला सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. टोमॅटोवर एक विषाणूचा रोग पडतो, पानं चुरगळतात, शेतकरी त्याला बोकड्या म्हणतात. दिसायला थोडंफार तसंच. मी लिहिलं: 'सदर लक्षणे विषाणूजन्य रोगाची असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' वाक्य किती सुरेख! एकही शब्द खोटा नाही आणि सबंध वाक्य खोटं.

तात्यांना ते वाचून दाखवलं. ते शाळा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, एकदा शेतात येऊन बघता का?"

मी गेलो. त्यांनी मला कुंपणाशी उभं केलं. पहिल्या दहा सऱ्या पार गेलेल्या. पुढच्या दहा अर्धवट. त्यापुढे शेंडे जरा वाकडे. मधली बाजरी मात्र जशीच्या तशी, हिरवीगार. बाजरीपलीकडची टोमॅटो निरोगी. मग त्यांनी बांधावरचं गाजर गवताचं झाड दाखवलं. तेही तसंच पिळवटलेलं. कुंपणाच्या आतलं तण आणि बाहेरचं पीक एकाच दुखण्याने आजारी होतं.

"बोकड्या पडला तर शेतात कुठंबी पडतो," तात्या म्हणाले. "ह्यो रोग कुंपण बघून येतो व्हय, साहेब? आन् माझ्या टोमॅटोचा रोग तुमच्या गवताला कसा झाला?"

ज्या गोष्टी मी पुस्तकात वाचल्या होत्या, म्हणजे रुंद पानांना मारतं, गवताला सोडतं, वाऱ्याच्या दिशेने लांब जाईल तसा परिणाम कमी होतो, त्या तात्यांनी नुसत्या डोळ्यांनी वाचल्या होत्या. मी त्यांच्या बांधावर बसलो. विहिरीवर त्यांची सून धुणं धूत होती. तिने न विचारता पाण्याचा तांब्या आणून दिला. तो तांब्या हातात घेताना मला जी लाज वाटली, ती आजही तशीच आहे.

परत येऊन मी दुसरा कागद लिहिला. त्यात तारीख, वेळ, औषधाचं रूप, वाऱ्याची दिशा आणि हुकुमात काय लिहायचं राहिलं, हे सगळं होतं. मोठं शौर्य केलं असं कुणी समजू नये; पहिला कागद लिहिला नसता तर दुसऱ्याची गरजच पडली नसती. त्यावरून बरीच बोलणी खाल्ली. माझी एक वेतनवाढ अडली. पाच महिन्यांनी तात्यांना पैसे मिळाले, पण 'नुकसानभरपाई' म्हणून नाही, 'शेजारधर्माची मदत' म्हणून. रक्कम त्या वर्षीच्या बाजारभावाच्या निम्मीही नव्हती. तात्यांनी सही केली. पुढच्या वर्षीपासून कुंपणालगत त्यांनी टोमॅटो लावली नाहीत, बाजरी पेरली. म्हणाले, "बाजरीला तुमचं औषध मानवतं." त्यात टोमणा होता की सोय होती, मला अजून कळलेलं नाही.

टाकळ्याची गोष्ट

त्यानंतरची अठरा वर्षं, २०११ साली निवृत्त होईपर्यंत, आम्ही जे केलं ते साधंच होतं. टाक्यांच्या आणि उपकेंद्राच्या भोवती, जिथे आगीचं आणि विजेचं भय आहे आणि हिरवं काहीच नको आहे, तिथे तणनाशक चालू ठेवलं. पण पंपाच्या नळीला टोपी लावून, सकाळी वारा पडलेला असताना, जमिनीलगत. तणनाशकाचा पंप वेगळा, त्यावर लाल पट्टा; तो कीटकनाशकाला किंवा माळ्याला द्यायचा नाही, कारण पंपात राहिलेले चार थेंबही बागेचं वाटोळं करतात. फवारणीच्या आदल्या दिवशी कुंपणाला लागून असलेल्या प्रत्येक शेतात माणूस पाठवून सांगायचं.

बाकी सगळीकडे खुरपं परत आलं. वस्तीतल्या बायांना पुन्हा बोलावलं. या वेळी पातळ रबरी मोजे आणि लांब बाह्यांचे सदरे आणले, आणि वेळ बदलली. गाजर गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटायचं. फुलं आल्यावर उपटणं म्हणजे आपल्याच हाताने बी पेरणं आणि नाकात परागही भरून घेणं. फुलाआधी उपटलेल्याचं कंपोस्ट होतं.

उघडी जमीन रिकामी ठेवायची नाही, हा तिसरा नियम. तिथे आम्ही टाकळ्याचं बी फेकलं. टाकळा, कुणी तरोटा म्हणतात, पहिल्या पावसाबरोबर इतका दाट उगवतो की गाजर गवताला जागाच मिळत नाही. कृषी संशोधकही हा उपाय सांगतात. शिवाय मेक्सिकोतून आणलेला एक भुंगा आहे, झायगोग्रामा बायकलराटा. तो १९८३ मध्ये बंगळूरला आणला आणि १९८४ पासून सोडायला सुरुवात झाली. तो पावसाळ्यात गाजर गवताची पानं खाऊन काड्या करतो. नव्वदीच्या सुरुवातीला तो सूर्यफुलावर दिसला म्हणून खळबळ उडाली होती, पण तपासाअंती पिकाला मोठा धोका नाही असं ठरलं. आमच्या आवारात तो आपणहून आला. पावसाने ताण दिला की तो जमिनीत दडी मारतो, त्यामुळे एकट्या त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

गाजर गवत पूर्ण गेलं का? नाही. खर्च तणनाशकापेक्षा जास्त आला का? आला. दर वर्षी बजेटच्या बैठकीत मला तो समजावून सांगावा लागला. पण आग पुन्हा लागली नाही आणि कुंपणापलीकडून कुणी फांदी घेऊन आलं नाही.

टाकळ्याचा एक फायदा मात्र मी धरला नव्हता. आषाढात कोवळ्या टाकळ्याची भाजी होते. खुरपणाऱ्या बाया संध्याकाळी ओटीत भरून घेऊन जायच्या. एकदा एका मावशींनी माझ्यासाठीही जुडी आणली. "लसूण जास्त घाला," एवढंच सांगितलं. त्या दिवशी मला नीट कळलं की ज्याला मी 'मोकळी जागा' म्हणत होतो ती कुणाची तरी परसबाग होती. घोळ, तांदुळजा, कुर्डू, टाकळा हे सारं रस्त्याच्या कडेला, पडीक जागेतच उगवतं. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांचं तेच शेत. शेळ्याही तिथेच चरतात.

आज काय?

माझ्या नोकरीच्या काळात ग्लायफोसेटला कुणी नावं ठेवत नव्हतं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'बहुधा कर्करोगजनक' या गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने मात्र तसा धोका मान्य केला नाही आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याची मान्यता दहा वर्षांनी वाढवली. शास्त्रज्ञांत एकमत नाही. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढला की ग्लायफोसेट परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावं. 'वर्गणी काढून आणू आणि वॉचमनकडून मारून घेऊ' हे त्या आदेशात बसत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरू नये. तिथली रसायनं वेगळी होती, पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडी, हाताने ढवळून फवारण्याची सवय तीच.

डब्यावर चौकोन असतो, त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग बघावा. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा असला तरी तो विषाचाच रंग आहे. माहितीपत्रकात कुठे वापरायचं ते लिहिलेलं असतं, आणि जिथे लिहिलेलं नाही तिथे वापरायचं नाही.

आठ दिवसांनी मी सोसायटीला माझं उत्तर दिलं. शेजारच्या जागेच्या मालकाचा पत्ता शोधून परवानगीचं पत्र घ्यायचं. पुढच्या पावसाळ्यात, फूल येण्याआधी, दोन रविवार, मोजे घालून, बोलावलेल्या बायांना पूर्ण मजुरी देऊन ते उपटायचं. दमेकऱ्यांनी आणि पुरळ उठणाऱ्यांनी घरात बसायचं. मग टाकळा पेरायचा. या वर्षी फुलं आलीच आहेत, तेव्हा भिंतीलगतचा पट्टा तेवढा परवानाधारकाकडून. एका तरुणाने विचारलं, "काका, एवढं करून पुढच्या वर्षी परत येणारच ना?" मी म्हटलं, "येणार. केस वाढतात म्हणून आपण टक्कल करून घेत नाही." मतदान झालं. दोन मतांनी ठराव पास झाला. सेक्रेटरींनी विरोधात मत दिलं आणि मालकाचा पत्ता मात्र त्यांनीच शोधून काढला.

परवा सकाळी फिरायला गेलो तर मोठ्या रस्त्याच्या कडेचा पट्टा पिवळा पडलेला. कुणीतरी फवारून गेलं होतं. पन्नास पावलांवर एक आजी वाकून टाकळा खुडत होत्या. तिथलं हिरवंच दिसत होतं, पण अशी औषधं लगेच रंग दाखवत नाहीत. पान पिवळं पडायला आठवडाही जातो. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "आजी, इथे औषध मारलंय."

त्यांनी ओटीतली भाजी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "कवा मारलं? कुटवर मारलं?"

मला सांगता येईना. रस्त्यावर पाटी नव्हती. कुणी मारलं, कुठलं मारलं, कधी, कुठपर्यंत, काहीच नाही. आजींनी ओटी रस्त्याच्या कडेला रिकामी केली आणि काही न बोलता पुढे गेल्या. त्या दिवसाची त्यांची भाजी गेली. कदाचित ती चांगलीही असेल.

रस्ते राखणाऱ्यांकडे आणि औद्योगिक वसाहती चालवणाऱ्यांकडे माझं एवढंच मागणं आहे. फवारायचंच असेल तर आदल्या दिवशी पाटी लावा: औषधाचं नाव, तारीख, कुठून कुठपर्यंत, आणि विचारायला एक फोन नंबर. अक्षरं मोठी असू द्या आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी भाजीच्या जुडीवर एक लाल फुली काढा. तेवढी पाटी १९९३ च्या जुलैत आमच्या कुंपणावर असती, तर वारा काही थांबला नसता. पण ती लावायला जाणाऱ्याने निदान कुंपणापलीकडे एकदा नजर टाकली असती.